आवाजभीती, कुत्र्यांची : शमनोपाय

फटाके, मेघगर्जना, ढोल-ताशे यांनी बिथरलेल्या कुत्र्याला शांत करण्याचे उपाय. माणसाला सु. २०,००० हर्ट्झपर्यंतचे, तर कुत्र्याला सु. ४५,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. लक्षणे (धाप, थरथर, लाळ गळणे, पलंगाखाली दडणे) सर्वपरिचित आहेत. इंदूरच्या मराठी घरांत दिवाळीखेरीज अनंत चतुर्दशीच्या झांक्या (सजवलेल्या देखाव्यांची मिरवणूक) व रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) हे प्रसंगही अवघड. दोन्ही मिरवणुका राजवाडा परिसरातून जात असल्याने जुन्या शहरातील कुत्र्यांना त्यांचा उपद्रव अधिक संभवतो.

प्रमुख उपाय सवयीचा : ध्वनिमुद्रित आवाज प्रथम अगदी हळू ऐकवून सोबत आवडता खाऊ द्यायचा व आवाज टप्प्याटप्प्याने वाढवायचा. कुत्रा खाऊ नाकारू लागल्यास मागच्या टप्प्यावर यावे. या पद्धतीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. तिचे श्रेय बहुधा मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पी यांना दिले जाते. त्यांची क्रमशः भीतिशमनाची मांडणी १९५८ ची. परंतु मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्येच एका लहान मुलाची सशाची भीती, तो खात असताना ससा हळूहळू जवळ आणून, घालवली होती. त्याही आधी, १९१० च्या सुमारास, रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत विजेच्या धक्क्यापाठोपाठ अन्न मिळत गेल्याने कुत्री धक्क्यालाच लाळ गाळू लागल्याचे दिसले. तेथे हेतू मात्र उपचाराचा नव्हता. खाऊचा वाटा पाहता जोन्स यांचा दावा अधिक सयुक्तिक वाटतो. हे काम सणाच्या काही महिने आधी सुरू करावे लागते. धनत्रयोदशीला आरंभ करून उपयोग नाही.

घाबरलेल्या कुत्र्याला कुरवाळल्यास भीती बळावते, असे जुने प्रशिक्षक सांगत. भीती ही भावना असून बक्षिसासाठी केलेली कृती नव्हे, हा आक्षेप अलीकडे बहुमान्य होत आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत प्रत्यक्ष आतषबाजीच्या वेळी खाऊ-खेळ देणे बहुसंख्य मालकांना उपयोगी वाटले. अंगाला घट्ट बसणारे जाकीट व फेरोमोनची (कुत्र्याला शांत करणाऱ्या गंधद्रव्याची) उपकरणे यांना कौल कमी मिळाला. अर्थात ही मालकांची मते आहेत, मोजमाप नव्हे.

खिडक्या लावून आतल्या खोलीत आडोसा करणे, संध्याकाळच्या आत फिरवून आणणे, पट्टा तपासणे हे ओघाने आलेच. घरातली माणसांची झोपेची गोळी देऊ नये. पूर्वी सर्रास दिले जाणारे ॲसिप्रोमाझीन हे गुंगीचे औषध कुत्र्याला सुस्त करते, पण भीती तशीच राहते, म्हणून ते आता एकट्याने देणे टाळतात. डेक्समेडेटोमिडीन या आवाजभीती शमवणाऱ्या औषधाच्या हिरडीवर लावायच्या जेलला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली. प्रौढ वयात अचानक उद्‌भवलेल्या भीतीमागे सांधेदुखीसारखी वेदना असू शकते. अशा वेळी आधी पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. इंदूरजवळ महू येथे शासकीय पशुवैद्यक महाविद्यालय (स्थापना १९५५) आहे.