नासिर बुरिता

नासिर बुरिता हे २०१७ पासून मोरोक्कोचे परराष्ट्रमंत्री आहेत. जन्म २७ मे १९६९, ताउनात, फेस शहराच्या उत्तरेचा डोंगराळ भाग. राजधानी रबातच्या मोहम्मद पाचवे विद्यापीठात कायदा शिकले, मग थेट परराष्ट्र खातं. मधे ब्रुसेल्सला युरोपियन युनियनकडच्या मिशनमध्ये काउन्सेलर होते, पण खरं वजन वाढलं ते रबातच्या मुख्यालयात: आधी यूएन विभागाचे डायरेक्टर, २०११ मध्ये सेक्रेटरी जनरल, २०१६ मध्ये राज्यमंत्र्यासारखं पद आणि एप्रिल २०१७ मध्ये मंत्रीच. थोडक्यात फाइलींमधून वर आलेला माणूस, पक्षबिक्ष काही नाही. म्हणूनच २०२१ च्या निवडणुकीत सत्तेतला इस्लामी विचारांचा पीजेडी पक्ष पार आडवा झाला, अखन्नूश पंतप्रधान झाले, तरी यांची खुर्ची हलली नाही, कारण तिथे परराष्ट्र धोरण राजाच्या हातात असतं, निवडणुकीच्या नाही.

कामाचा गाभा एकच, पश्चिम सहारा: मोरोक्को आपला म्हणतो, पण सहारावी लोकांची पोलिसारियो ही संघटना जिथे वेगळा देश मागते तो वाळवंटी भाग. १९८४ मध्ये पोलिसारियोने जाहीर केलेल्या सहारावी प्रजासत्ताकाला जागा दिली म्हणून मोरोक्को आफ्रिकन संघटनेतून रागाने बाहेर पडला होता, तो जानेवारी २०१७ मध्ये आफ्रिकन युनियनमध्ये परतला आणि मग बुरितांनी तिथल्याच देशांना पश्चिम सहारातल्या लायून आणि दाखला या शहरांत कॉन्सुलेट उघडायला लावले. लायूनमध्ये २०१९ च्या डिसेंबरात कोमोरोसने उघडलं, आता तिथे कोमोरोसच्या नागरिकांची रांग लागते असं काही नाही, पण नकाशावर ताबा कोणाचा हे दाखवायला दारावरची पाटी पुरते. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेने पश्चिम सहारावर मोरोक्कोचं सार्वभौमत्व मान्य केलं, त्याच सौद्यात इस्रायलशी संबंध पुन्हा जोडले गेले, आणि देशात पॅलेस्टाइनच्या बाजूने बोलणाऱ्यांना ते अजिबात पटलं नाही.

स्टाइल कडकच. मार्च २०२१ मध्ये त्यांनी पंतप्रधानांनाच पत्र लिहिलं की सगळ्या खात्यांनी जर्मन दूतावासाशी संपर्क थांबवावा, आणि ते पत्र बाहेर फुटलं. त्याच वर्षी पोलिसारियोच्या नेत्याला उपचारासाठी घेतलं म्हणून स्पेनशी वाजलं, मे महिन्यात हजारो लोक मोरोक्कोला लागून असलेल्या सेउता या स्पॅनिश शहरात घुसले आणि मोरोक्कोने सीमा मुद्दाम ढिली सोडली असा आरोप झाला. पण मार्च २०२२ मध्ये स्पेननेच पश्चिम सहाराला मोरोक्कोच्या अखत्यारीत स्वायत्तता देण्याच्या मोरोक्कोच्या प्रस्तावाला पाठिंबा दिला! अल्जीरियाने मात्र ऑगस्ट २०२१ मध्ये संबंधच तोडले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपियन कोर्टाने सहारावी लोकांची संमती नाही म्हणून मोरोक्कोसोबतचे शेती-मासेमारीचे करार अवैध ठरवले.

भारताने सहारावी प्रजासत्ताकाला १९८५ मध्ये दिलेली मान्यता २००० मध्येच मागे घेतली होती, त्यामुळे इथे बुरितांना फार घाम गाळावा लागला नाही.