वर्गात रचलेला गुन्हा : आधी साक्षीदाराची परीक्षा, मग पुराव्याची

वर्गाच्या कोपऱ्यात ताणलेली पिवळी पट्टी, जमिनीवर खडूने काढलेली मानवी आकृती, टेबलावर एक चिठ्ठी, एक पेला, दोनचार केस आणि हातमोजे घातलेली मुलं. विज्ञान शिकवण्यासाठी असा लुटुपुटूचा गुन्हा आता अनेक देशांतल्या शाळांत रचला जातो. मुलं पेल्यावरचे ठसे उचलतात, चिठ्ठीतल्या शाईचे रंग वेगळे करतात, धागे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि तास संपताना संशयितांपैकी एकाचं नाव घेतात. हे सगळं टीव्ही मालिकांमुळे आलं, असं बहुतेकांना वाटतं. ऑक्टोबर २००० मध्ये ‘सीएसआय’ ही गुन्हे-प्रयोगशाळेवरची अमेरिकी मालिका सुरू झाल्यावर या प्रकाराला जोर चढला, हे खरंच आहे. पण वर्गात गुन्हा घडवून आणण्याची कल्पना त्याहून शंभर वर्षं जुनी आहे, आणि गुन्हेगार शोधणं हा तिचा हेतूच नव्हता.

१९०१ साली बर्लिनमध्ये फौजदारी कायद्याचे प्राध्यापक फ्रान्झ फॉन लिस्ट यांच्या तासाला दोन विद्यार्थ्यांत वाद पेटला. शब्दाने शब्द वाढला, एकाने मूठ उगारली, दुसऱ्याने पिस्तूल काढलं. प्राध्यापक मध्ये पडले आणि तेवढ्यात बार झाला. वर्गात गोंधळ माजला. तो शमल्यावर लिस्ट यांनी सांगितलं की प्रत्येक वाक्य आणि प्रत्येक हालचाल आधी ठरवलेली होती. आता तुम्ही काय पाहिलंत ते सांगा. कुणाची साक्ष लगेच घेतली, कुणाची काही काळाने. मूळ संहितेशी ताडून पाहिल्यावर सर्वांत चांगल्या साक्षीतही २६ टक्के चुका निघाल्या, सर्वांत वाईट साक्षीत ८० टक्के. जे गप्प बसले होते त्यांच्या तोंडी संवाद घातले गेले होते. प्रसंगाच्या उत्तरार्धात, म्हणजे भीती वाढल्यावर, चुकाही वाढल्या होत्या. हे साक्षीदार कायद्याचे विद्यार्थी होते, हे विसरून चालणार नाही.

असे प्रयोग पुढेही होत राहिले. १९७४ साली मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बकहाउट यांनी कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात १४१ विद्यार्थ्यांसमोर एका प्राध्यापकावर खोटा हल्ला घडवून आणला. सात आठवड्यांनी सहा छायाचित्रं दाखवली, तेव्हा ६० टक्के साक्षीदारांनी भलत्याच माणसाकडे बोट दाखवलं. मार खाल्लेले प्राध्यापकही त्यांच्यात होते.

डोळ्यांवर भरवसा नाही, मग कशावर ठेवायचा? त्याच काळात याचं उत्तर वस्तूंमध्ये शोधलं जात होतं. ऑस्ट्रियातले तपास न्यायदंडाधिकारी हान्स ग्रोस यांनी १८९३ मध्ये तपासाची पुस्तिका लिहून धूळ, माती, केस, डाग यांना साक्षीदाराचा दर्जा दिला. १९१० मध्ये एडमंड लोकार यांनी फ्रान्समधल्या लियाँच्या न्यायालयाच्या माळ्यावर पोलीस प्रयोगशाळा थाटली. दोन गोष्टींचा संपर्क आला की प्रत्येकीचं काही ना काही दुसरीवर राहतं, हा त्यांचा विचार वर्गातल्या प्रत्येक रचलेल्या गुन्ह्याच्या मुळाशी आहे. पेल्यावर ठसा सापडेल आणि बाहीवर धागा सापडेल, असं आपण गृहीत धरतो ते त्यांच्यामुळे.

मात्र पुराव्याच्या काही चाचण्या त्याहूनही जुन्या आहेत, आणि त्यांतल्या एकीचा जन्म फसलेल्या खटल्यातून झाला आहे. १८३३ मध्ये इंग्लंडात आजोबांना कॉफीतून आर्सेनिक दिल्याच्या आरोपावरून जॉन बॉडल याच्यावर खटला चालला. रसायनशास्त्रज्ञ जेम्स मार्श यांना विषाचा पिवळा साका मिळाला होता. पण ज्यूरीसमोर येईपर्यंत तो बिघडला आणि आरोपी सुटला. या अपयशाने अस्वस्थ झालेल्या मार्श यांनी १८३६ मध्ये नवी चाचणी जाहीर केली. नमुन्यात जस्त आणि आम्ल घालायचं, निघणारा वायू तापवायचा. आर्सेनिक असेल तर थंड काचेवर काळसर चकचकीत थर जमतो. चार वर्षांनी फ्रान्समध्ये पतीला विष दिल्याच्या आरोपावरून चाललेल्या लाफार्ज खटल्यात हीच चाचणी कुणाच्या हातून होकारार्थी येई, कुणाच्या हातून नकारार्थी. शेवटी विषशास्त्रज्ञ मातेओ ओर्फिला यांना बोलावलं. त्यांनी मृतदेहात आर्सेनिक दाखवलंच, शिवाय ते वापरलेल्या रसायनांतून किंवा शवपेटीभोवतीच्या मातीतून आलेलं नाही, हेही तपासलं. मला ही दुसरी तपासणी पहिलीइतकीच मोलाची वाटते. मुलांना आज आपण ‘नियंत्रण नमुना घ्या’ म्हणून सांगतो. तो का घ्यायचा, हे या खटल्याइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसतं.

बोटांच्या ठशांची गोष्ट भारतातून जाते. १८५८ मध्ये बंगालातले अधिकारी विल्यम हर्शेल यांनी एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं. ठशांचं वर्गीकरण बंगालचे पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखलं जात असलं, तरी त्यामागची गणिती मेहनत त्यांच्या हाताखालच्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांची होती. त्याच सुमारास जलपायगुडीतल्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. त्याच्या सामानातल्या बंगाली पंचांगावर एक तपकिरी डाग होता. पूर्वी चोरीसाठी शिक्षा भोगलेल्या त्याच्याच जुन्या नोकराच्या अंगठ्याशी तो जुळला. १८९८ मध्ये न्यायालयाने त्याला चोरीसाठी दोषी ठरवलं, खुनासाठी नाही. त्या हाताने ती वस्तू हाताळली एवढंच ठसा सांगत होता, आणि न्यायालय तेवढ्यावरच थांबलं. वर्गात ‘ठसा जुळला, म्हणजे हाच गुन्हेगार’ अशी उडी मारणाऱ्या मुलांना मी सर्वांत आधी हा निकाल सांगेन.

शाईच्या चाचणीचा उगम गुन्ह्यात नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत पानांतली रंगद्रव्यं वेगळी करत होते, त्यातून क्रोमॅटोग्राफी निघाली. गाळणकागदावर पाणी चढत जातं, तसे काही रंग त्याच्याबरोबर पुढे जातात आणि काही कागदाला धरून मागे राहतात. पण एकाच बनावटीच्या हजारो पेनांत तीच शाई असते. त्यामुळे नक्षी जुळली, तर चिठ्ठी ‘अशा’ पेनाने लिहिलेली असू शकते एवढंच म्हणता येतं. नक्षी वेगळी आली, तर मात्र ते पेन ठामपणे वगळता येतं. पुराव्याने वगळणं हे पुराव्याने गोवण्यापेक्षा पुष्कळदा पक्कं असतं, हे मुलांना इथे हातात धरून दाखवता येतं.

तरीही रचलेल्या गुन्ह्याला शिक्षणाचं साधन म्हणून खरं रूप दिलं ते फ्रान्सिस ग्लेसनर ली यांनी. १८७८ मध्ये श्रीमंत घरात जन्मलेल्या या बाईंनी १९३१ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाला देणगी देऊन न्यायवैद्यकाचा विभाग उभा केला. १९४० च्या दशकात त्यांनी मृत्यूच्या जागांच्या प्रतिकृती बनवून घेतल्या, एका फुटाला एक इंच या प्रमाणात. त्यांतले दिवे पेटतात. मोजे त्यांनी टाचणीएवढ्या सुयांवर स्वतः विणले. मृतदेहाच्या कातडीचा रंगसुद्धा अचूक आहे, कारण मृत्यूनंतर रक्त शरीराच्या खालच्या भागात साकळतं आणि तो डाग चुकीच्या बाजूला दिसला, तर देह नंतर हलवला गेला असं कळतं. १९४५ पासून पोलीस अधिकारी या प्रतिकृतींसमोर बसून शिकू लागले. ली यांनी त्यांना बजावून ठेवलं होतं की ही रहस्यकथेची कोडी नव्हेत. काम आहे पाहण्याचं, अर्थ लावण्याचं आणि अहवाल देण्याचं. १९६२ मध्ये त्या गेल्या, पुढे हार्वर्डचा विभागही बंद झाला. पण प्रतिकृती बाल्टिमोरच्या वैद्यकीय तपासनीसांच्या कार्यालयात अजून प्रशिक्षणासाठी वापरतात, म्हणून त्यांची उत्तरं जाहीर केलेली नाहीत.

शाळेपर्यंत ही पद्धत येताना ली यांचा नेमका तो इशारा गळून पडला, असं मला वाटतं. तयार संचांमध्ये संशयित ठरावीक असतात, खूण एकाशीच जुळते आणि उत्तर शिक्षकांच्या पाकिटात असतं. खऱ्या प्रयोगशाळा मात्र उलट दिशेने चालल्या आहेत. २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने डीएनए सोडून इतर बहुतेक जुळणी-पद्धतींच्या पायाबद्दल गंभीर प्रश्न उभे केले. २०१५ मध्ये एफबीआय या अमेरिकी तपाससंस्थेने मान्य केलं की सूक्ष्मदर्शकाने केस जुळवण्याबाबत तज्ज्ञांनी दिलेल्या ज्या जुन्या साक्षी तपासल्या, त्यांतल्या किमान ९० टक्के खटल्यांत चुकीची विधानं होती. मानसशास्त्रज्ञ इतिएल ड्रोर यांचा २००६ चा प्रयोग तर लिस्ट यांच्या वर्गाचीच आठवण करून देतो. पाच अनुभवी ठसेतज्ज्ञांना त्यांनी स्वतःच पूर्वी ‘जुळतात’ म्हटलेले ठसे पुन्हा दाखवले आणि ही गाजलेली चुकीची ओळख आहे, असं सांगितलं. एकच जण आपल्या मतावर टिकला. तिघांनी ‘जुळत नाहीत’ म्हटलं, एकाने ‘सांगता येत नाही’.

हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. सगळ्या गटांना तेच ठसे, तीच शाई, तेच धागे द्यायचे. फक्त एका गटाला आधी सांगायचं की दुसऱ्या संशयिताने कबुली दिली आहे, दुसऱ्या गटाला सांगायचं की तोच संशयित त्या दिवशी गावात नव्हता आणि तिसऱ्याला काहीच सांगायचं नाही. अहवालात ‘जुळतं’ आणि ‘जुळत नाही’ यांच्या जोडीला ‘ठरवता येत नाही’ असा रकाना ठेवायचा आणि त्यालाही पूर्ण गुण द्यायचे. मग तिन्ही अहवाल फळ्यावर शेजारी शेजारी लावायचे आणि पुढचा तास मुलांच्या हाती सोपवायचा.