आलीझ की आलेझ? एका फ्रेंच खेड्याच्या नावामागचं भांडण

आलीझ-सँत-रेन हे बर्गंडीतलं गाव, वस्ती सहाशेच्या आतबाहेर. दिजों शहराच्या वायव्येला पन्नासेक किलोमीटरवर मों ओसुआ नावाचा सपाट माथ्याचा डोंगर आहे, उंची ४०७ मीटर, त्याच्या उतारावर ही घरं. डोंगराच्या दोन बाजूंनी ओझ आणि ओझरँ या दोन बारक्या नद्या, पश्चिमेला ले लोमचं मैदान. रोमन सेनापती सीझरने इ.स.पू. ५२ मध्ये गॉल लोकांचा (आजच्या फ्रान्समधले तेव्हाचे रहिवासी) नेता व्हेर्सिंजेटोरिक्स याला वेढा घालून शरण आणलं ती आलेझिया म्हणजे हेच गाव, असं फ्रान्सचं सरकार म्हणतं. वेढ्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते म्हणून ती इथं परत सांगत नाही. गंमत नंतरची आहे, कारण गॉल लोक हरले ती जागा आपल्याकडेच होती हे सिद्ध करायला निदान तीन गावं दीडशेहून जास्त वर्षं भांडतायत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा वाद जवळपास नव्हताच. नवव्या शतकातल्या एका मठवासीयाने आलीझ म्हणजेच आलेझिया असं लिहून ठेवलेलं, आसपासच्या मुलखाला ओसुआ म्हणतात तेसुद्धा आलेझियाच्याच लॅटिन रूपावरून आलेलं, आणि १८३९ मध्ये डोंगरमाथ्यावर एक दगड सापडला, लिपी लॅटिन, भाषा गॉल लोकांची, आणि त्यात ‘आलिसिया’ असं चक्क कोरलेलं. आपल्याला वाटेल झालं, संपलं. पण या दगडाने एवढंच कळतं की रोमन काळात इथल्या गावाला आलिसिया म्हणत. वेढा इथंच पडला होता हे त्यावरून सिद्ध होत नाही, आणि विरोधकांनी नेमकं हेच धरून ठेवलं.

१८५५ मध्ये बझांसों शहरातल्या एका आर्किटेक्टने जाहीर केलं की खरी आलेझिया आलीझ नव्हे, आलेझ. म्हणजे पूर्वेला फ्रांश-कोंते भागातलं, नावात एका मात्रेचा फरक असलेलं दुसरंच खेडं. त्याचा मुद्दा अगदीच हवेतला नव्हता. सीझर लिहितो की लढाईच्या आधी तो लिंगोन लोकांच्या मुलखाच्या कडेने सेक्वानी लोकांकडे चालला होता (या दोन्ही गॉल जमाती), आणि सेक्वानींचा मुलूख म्हणजे फ्रांश-कोंते. ‘सेक्वानींकडे चालला होता’ याचा अर्थ त्या दिशेने निघाला होता की तिथं जवळपास पोचला होता, या एका वाक्यावर दोन्हीकडच्यांनी किती कागद काळे केले असतील देव जाणे. बझांसोंच्या विद्वानांनी आलेझला खोदकामही केलं, पण सापडली ती सीझरच्या कितीतरी शतकं आधीची थडगी.

मग यात सम्राट उतरला आणि प्रकरण खरं चिघळलं. फ्रान्सचा तेव्हाचा सम्राट तिसरा नेपोलियन स्वतः सीझरचं चरित्र लिहीत होता, त्याला जागा नक्की हवी होती, म्हणून १८६१ ते १८६५ अशी चार वर्षं आलीझच्या भोवती सरकारी पैशाने खोदकाम झालं, सम्राट स्वतः येऊन बघून गेला, नंतर सगळी सूत्रं लष्करातल्या एका अधिकाऱ्याकडे दिली. खंदक सापडले, हत्यारं सापडली, शेकडो नाणी सापडली, त्यात व्हेर्सिंजेटोरिक्सच्या नावाची दोन. विरोधकांनी लगेच म्हटलं की नाणी आणून पुरलीत. आता बघा, आलीझच्या बाजूने फक्त सम्राटाचीच माणसं होती असंही नाही, गादीवरून घालवलेल्या राजघराण्यातला एक राजपुत्र परदेशात बसून १८५८ मध्येच आलीझची बाजू लिहून मोकळा झाला होता, आणि त्याला सम्राटाची तळी उचलायचं काहीच कारण नव्हतं. पण निकाल दरबारातून लागला असं एकदा लोकांच्या डोक्यात बसलं की पुराव्याकडे कोण बघतंय.

त्यात भर पुतळ्याची. खोदकाम संपतं न संपतं तोच १८६५ मध्ये गावाच्या वर व्हेर्सिंजेटोरिक्सचा साडेसहा मीटरचा तांब्याच्या पत्र्याचा पुतळा उभा राहिला, खर्च सम्राटाचा, आणि चेहरा सम्राटाच्याच तरुणपणीचा आहे असं तेव्हापासून बोललं जातं. मिशा तर भरघोस, आणि व्हेर्सिंजेटोरिक्सच्या नावाच्या नाण्यांवरचा चेहरा मात्र सफाचट! चौथऱ्यावर लिहिलंय की गॉल एक राष्ट्र म्हणून उभा राहिला तर जगाला आव्हान देऊ शकतो. माझ्या मते आलीझच्या केसचं सगळ्यात जास्त नुकसान या पुतळ्याने केलं, कारण उत्तर बरोबर असलं तरी ते सांगणारा स्वतःचाच चेहरा मिरवतोय म्हटल्यावर संशय येणारच.

उत्तर बरोबर होतं असं मी म्हणतोय ते १९९१ ते १९९७ च्या फ्रेंच-जर्मन खोदकामामुळे. त्याआधी विमानातून काढलेल्या फोटोंमध्ये पिकांच्या रंगातल्या फरकावरून बुजलेल्या खंदकांच्या रेषा दिसल्या होत्या, त्या जमिनीवर तपासल्या, आणि वेढ्याच्या खंदक-तटबंदीच्या दोन्ही रांगा सापडल्या, आतल्यांना कोंडणारी आणि बाहेरून मदतीला येणाऱ्यांना अडवणारी. सीझरच्या सैन्यातला सेनापती लाबिएनुस, त्याचं नाव असलेले गोफणीचे शिशाचे गोळेसुद्धा मिळाले. जुन्या खोदकामातली माहिती बरीचशी खरी निघाली.

तरी भिजत घोंगडं तसंच. १९६२ मध्ये एका पुराभिलेख अधिकाऱ्याने सीझरच्या वर्णनावरून जागेचं कल्पनाचित्र तयार केलं, पोलीस आरोपीचं करतात तसं, आणि ते नकाशांवर फिरवत फिरवत ज्युरा डोंगरातल्या शो-दे-क्रोतनेला जाऊन थांबला. सीझर म्हणतो जागा फार उंचावर होती, आणि मों ओसुआ खाली मैदानातून बघितला तर टेकाडच वाटतं, हा त्या लोकांचा आवडता मुद्दा. त्यांना खोदायच्या परवानग्या फारशा मिळाल्या नाहीत हेही खरं, त्यामुळे आपल्याला दाबलं गेलं असं त्यांना वाटतं.

या गदारोळात गावाचा बाकीचा इतिहास मागे पडतो. वेढ्यानंतर माथ्यावर चांगलं रोमन शहर वसलं, नाट्यगृह, चौक, मंदिरं, आणि घोड्यांच्या साजावर चांदी चढवायचं काम तिथं चालायचं असं रोमन लेखक प्लिनी लिहितो. नंतर सँत रेन, म्हणजे ख्रिस्ती धर्म सोडायला नकार दिला म्हणून मारलेली मुलगी. तिचं डोकं उडवलं तिथं झरा फुटला अशी कथा, कातडीचे रोग बरे होतात म्हणून लोक शेकडो वर्षं तिथं यायचे, त्यांच्यासाठी सतराव्या शतकात हॉस्पिटल निघालं. तिच्या अस्थी नवव्या शतकातच शेजारच्या फ्लाविन्यीच्या मठात नेल्या होत्या.

डोंगराखाली वेढ्याची माहिती सांगणारं मोठं गोल केंद्र २०१२ मध्ये उघडलं, बस भरून शाळेची पोरं येतात. आलेझिया हे नाव रेल्वे स्टेशनलाही मिळालंय, पण ते स्टेशन खाली ले लोमला. गावाच्या पाटीवर रेनचंच नाव, आणि सप्टेंबरात गावात मिरवणूक निघते तीही तिचीच.