पाणी पातळ झालं, कॅडमियम तेवढंच राहिलं

कारखान्याचं सांडपाणी साध्या पाण्यात मिसळून भात-गव्हाला देता येईल का? क्षारांपुरता हिशेब सोपा आहे. सांडपाण्याची विद्युतवाहकता (ईसी, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप) १० डेसिसीमन्स प्रति मीटर आणि ओढ्याच्या पाण्याची ०.५ असेल, तर एकास चार मिश्रणाची ईसी २.४ येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची सिंचनासाठीची मर्यादा २.२५ आहे, म्हणजे एकास पाच हवं. मातीची क्षारता ३ च्या पुढे गेली की भाताचं उत्पन्न घटू लागतं; गहू ६ पर्यंत तग धरतो.

सोडियम मात्र त्या प्रमाणात हटत नाही. चौपट पातळ केलं तरी सोडियमचं शोषण गुणोत्तर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती, त्याचं माप) निम्म्यावरच येतं. मग पावसाळ्यात क्षार धुपून जातात, सोडियम चिकणमातीला धरून राहतो, माती विरघळल्यासारखी सुटते आणि वर पापुद्रा धरतो.

खरी फसगत जड धातूंची. समजा, सांडपाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम कॅडमियम आहे. दहापट पातळ केल्यावर ०.०१, म्हणजे एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) सिंचनाच्या मर्यादेवर. पण हेक्टरी ४० सेंटिमीटर पाणी म्हणजे ४० लाख लिटर, आणि त्यातून हंगामाला ४० ग्रॅम कॅडमियम शेतात पडतं. ते कुजत नाही आणि सहसा वाहूनही जात नाही.

रुजवण चाचणीवर इथे विसंबू नये. ओल्या टिपकागदावर पातळ सांडपाण्यात गहू कधी साध्या पाण्याइतकाच, कधी नत्रामुळे जास्तही जोमदार दिसतो. कोंब सुरुवातीला दाण्यातल्याच साठ्यावर जगतो. मुळांची लांबी मोजली तर तीव्र विषारीपणा कळेल, पण ओंबीत काय साठेल ते कळणार नाही.

भातात आणखी एक पेच आहे. खाचरात पाणी असताना कॅडमियम सल्फाइडच्या रूपात अडकतं. दाणा भरताना पाणी काढलं की ते सुटतं आणि मुळांत शिरतं. कोकणातल्या आम्लधर्मी मातीत हा धोका वाढतो. जपानच्या जिंझू खोऱ्यात खाणीचं कॅडमियम भातातून आणि पिण्याच्या पाण्यातून माणसांच्या हाडांपर्यंत पोचलं. तो इताई-इताई आजार १९६८ मध्ये सरकारने मान्य केला.

मुंबईभोवतीच्या औद्योगिक पट्ट्यांतल्या नाल्यांत पाणी तासातासाला बदलतं. म्हणून दिवसभर ठरावीक अंतराने घेतलेले नमुने एकत्र करून, नायट्रिक आम्लाने सामू (पीएच) २ च्या खाली आणून, प्लास्टिकच्या बाटलीत प्रयोगशाळेला द्यावेत. ईसी मीटरला एवढं कॅडमियम दिसत नाही.