एका बाळामागे एक दात? हिशोब बरोबर, चोर चुकीचा

मागच्या महिन्यात चुलत बहिणीचं डोहाळजेवण होतं, सातवा महिना. जेवणं उरकल्यावर ती बेसिनपाशी चूळ भरायला गेली तर पाणी गुलाबी. विचारलं तर म्हणाली, "अगं रोजचंच आहे, ब्रश लावला की रक्त येतं, म्हणून आठ दिवस झाले बोटानेच पेस्ट फिरवते." मागे आत्या उभी होती, तिने लगेच निकाल देऊन टाकला. "बाळ कॅल्शियम ओढतंय गं दातातलं. एका बाळामागे एक दात जातोच. माझं बघ, चार पोरं आणि चार दात." आणि खरंच आ करून दाखवलं.

मी बरीच वर्षं केमिस्ट्रीचे क्लास घेतलेत, त्यामुळे असं काही ऐकलं की गप्प बसवत नाही. पण डोहाळजेवणात आत्याशी वाद कोण घालणार, म्हणून इथे लिहितेय.

ही समजूत फक्त आपल्याकडची नाही, इंग्रज आणि जर्मन लोकांतही अगदी हेच वाक्य आहे. इतक्या ठिकाणच्या बायकांना एकच गोष्ट दिसली म्हणजे काहीतरी असणार. आणि आहे! २०१८ साली युरोपातले १४ देश आणि इस्रायलमधल्या सुमारे ३४,८०० लोकांच्या माहितीवर एक अभ्यास निघाला. जास्त मुलं असलेल्या बायका गरीब असतात, डॉक्टरकडे कमी जातात, म्हणून दात पडत असतील अशी शंका येतेच, ती टाळायला त्यांनी एक मस्त युक्ती केली. पहिली दोन्ही मुलगे किंवा दोन्ही मुली असतील तर जोडपी तिसऱ्या मुलाकडे जास्त वळतात, आणि पहिल्या दोघांचं लिंग काय हे तर नुसतं नशीब, म्हणजे निसर्गानेच चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडल्यासारखं. असं तिसरं मूल झालेल्या बायकांचे सरासरी चारेक दात जास्त गेलेले निघाले. नवऱ्यांचे नाही.

म्हणजे आत्याने मोजले ते बरोबरच. फक्त चोर कोण हे चुकलं.

बाळाला कॅल्शियम लागतं, भरपूर लागतं. जन्मताना त्याच्या अंगात साधारण ३० ग्रॅम कॅल्शियम असतं आणि त्यातलं बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून आलेलं असतं. पण आईच्या शरीरात एक किलोच्या आसपास कॅल्शियम आहे, ९९ टक्के हाडं-दातांत. शिवाय दिवस राहिल्यावर आईचं आतडं अन्नातलं कॅल्शियम जवळजवळ दुप्पट शोषायला लागतं, आणि हे बाळाची हाडं तयार व्हायच्या खूप आधीपासून, म्हणजे शरीर आधीच साठा करून ठेवतं. तरी कमी पडलं तर हाडातून काढता येतं, कारण हाड जिवंत आहे, त्यात रक्तवाहिन्या आहेत, हाड खोदणाऱ्या पेशी आहेत आणि परत भरणाऱ्याही. अंगावर पाजताना तर मणक्याची घनता काही टक्के उतरते आणि दूध सोडवलं की परत भरून येते. करंट अकाउंटच आहे ते.

दाताचं तसं नाही. दाताचं वरचं पांढरं कवच म्हणजे एनॅमल, वजनाने ९६ टक्के खनिज. ते ज्या पेशींनी बनवलं त्या दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपून जातात. म्हणजे बांधकाम झालं, गवंडी गेले, आणि आत यायला दारच ठेवलं नाही. एनॅमलमध्ये रक्तवाहिनी नाही, पेशी नाही, काही नाही. रक्ताला कितीही कॅल्शियम हवं असलं तरी ते इथून काढायला कोणी जाऊच शकत नाही. आत दाताच्या मधोमध जी नस असते ती दाताला पोसते, पण कॅल्शियम परत काढून रक्तात सोडायची व्यवस्था तिच्याकडेही नाही.

मग एनॅमल जातं कुठून? बाहेरून, आणि हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, त्यामुळे जरा लांबेल.

कडाप्प्याच्या ओट्यावर लिंबाची फोड विसरली की सकाळी तिथे पांढुरका गोल डाग दिसतो, कितीही घासा जात नाही. तो डाग नाहीच मुळी, तिथलं पॉलिश विरघळलंय, कारण कडाप्पा चुनखडीचा दगड. दाताचं खनिज वेगळं आहे, हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट, म्हणजे कॅल्शियम, फॉस्फेट आणि हायड्रॉक्साइड यांचा स्फटिक, पण ॲसिडपुढे त्याचीही तीच गत. आता गंमत अशी की आपली लाळ म्हणजे गुलाबजामच्या पाकासारखी आहे. घट्ट पाकात अजून साखर टाकली तर ती विरघळत नाही, तळाशी बसते. तसंच लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट आधीच इतकं भरलेलं असतं की दाताचा स्फटिक तिच्यात विरघळत नाही. पण ॲसिड आलं की त्यातले हायड्रोजन आयन दोन उद्योग करतात, हायड्रॉक्साइडला पकडून त्याचं पाणी करतात आणि फॉस्फेटला चिकटून त्याचं रूपच बदलतात. मूळ रूपातलं फॉस्फेट कमी झालं म्हणजे पाक पातळ झाला, आणि पातळ पाकात साखर विरघळणारच. ही वेळ साधारण पीएच ५.५ ला येते (पीएच म्हणजे आंबटपणाची पट्टी, आकडा जितका खाली तितकं ॲसिड जास्त). मग लाळेतलं बायकार्बोनेट ॲसिड मारतं, पीएच वर चढतो, पाक परत घट्ट होतो आणि कॅल्शियम-फॉस्फेट एनॅमलवर परत बसायला लागतं. पेस्टमधलं फ्लोराइड इथे मदत करतं, हायड्रॉक्साइडच्या जागी फ्लोराइड बसलं की तो स्फटिक साधारण ४.५ पर्यंत टिकाव धरतो. पीएचची पट्टी दहापटीची असते, त्यामुळे ५.५ आणि ४.५ मध्ये एकाचा नाही तर दहापट ॲसिडचा फरक आहे. तोंडातले जंतू साखर खाऊन ॲसिड सोडतात, त्यामुळे ही ओढाताण तोंडात दिवसभर चालू असते, चहाच्या प्रत्येक कपाला, बिस्किटाच्या प्रत्येक तुकड्याला.

(कंटाळला असाल तर एवढंच धरा: ५.५ च्या खाली दात विरघळतो, वर गेलं की थोडाफार भरतो.)

आता गरोदर बाई घ्या. दहापैकी सातेक जणींना मळमळ-उलट्या होतात, आणि पोटातल्या ॲसिडचा पीएच दोनच्या आसपास, म्हणजे लिंबाच्या रसाच्या जवळपास! त्यात चिंच, कैरी, आवळ्याचे डोहाळे. त्यात एकदम जेवण जात नाही म्हणून दर दोन तासांनी थोडं थोडं तोंडात टाकणं, म्हणजे पाक घट्ट व्हायला वेळच नाही. आणि वर पेस्टच्या वासाने उमळून येतं म्हणून ब्रशला सुट्टी. यात बाळाने काय केलं?

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे उलटी झाल्या झाल्या ब्रश करणं. तोंड घाण वाटतं म्हणून साहजिक आहे, पण त्या क्षणी एनॅमलचा वरचा थर ॲसिडने मऊ झालेला असतो आणि आपण तोच खरवडून काढतो. त्याऐवजी कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरायची आणि अर्धा-पाऊण तास थांबून मग ब्रश. हा सोडा म्हणजे बायकार्बोनेटच, लाळ जे हळूहळू करणार तेच काम पटकन करतो.

राहिलं ते गुलाबी पाणी, ते हिरड्यांचं प्रकरण आहे, दाताचं नाही. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढले की हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या सैल आणि पाझरत्या होतात, मग एरवी दातावरचा जो जंतूंचा चिकट थर सहन झाला असता त्यानेच हिरडी सुजते. दहापैकी सहा-सात जणींना हे होतं. नॉर्वेचे दंतसंशोधक हाराल्ड ल्यो आणि त्यांचे सहकारी सिलनेस यांनी १९६३ साली दाखवलं की ही सूज आठव्या महिन्यापर्यंत चढत जाते आणि बाळंतपणानंतर उतरते. याच ल्यो यांनी १९६५ साली डेन्मार्कमध्ये १२ जणांना, बहुतेक दातांच्या कॉलेजातलेच विद्यार्थी, दोन-तीन आठवडे ब्रशच करू दिला नाही. सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, ब्रश परत सुरू केल्यावर आठवडाभरात पूर्ववत. म्हणजे हार्मोन नुसता आवाज वाढवतो, गाणं त्या थराचंच असतं. त्यामुळे रक्त येतं म्हणून ब्रश सोडणं म्हणजे आग लागली म्हणून पाणी बंद करणं. मऊ ब्रश घ्या, पण घासा. हिरडीची सूज वाढली की दात धरून ठेवणारे तंतूही सैलावतात आणि दात हलल्यासारखा वाटतो, आत्याच्या पिढीत असा हलणारा दात सरळ उपटूनच टाकत असणार.

बायकांना आणखी एक भीती घालतात, ग्रहणात भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटतो. बाळाचा वरचा ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळून तयार झालेला असतो. सातव्या महिन्यात खिडक्या लावून बसवलेल्या बाईच्या बाळाचा ओठ कधीचाच तयार आहे हो.

पण उलट्या बाजूची हवाही नको. "हिरड्या साफ केल्या की बाळ वेळेवर होतं" अशा जाहिरातबाज गोष्टी फिरतात. १९९६ साली अमेरिकेत हिरड्यांचा आजार आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं यांचं नातं दिसलं हे खरं, पण २००६ साली ८२३ गरोदर बायकांवर नीट चाचणी झाली तेव्हा हिरड्यांवर उपचार करून लवकर होणारी बाळंतपणं काही कमी झाली नाहीत. उपचार सुरक्षित आहेत हे मात्र तिथेच दिसलं, आणि मला विचाराल तर तेवढं पुरेसं आहे.

कारण आपल्याकडे खरी अडचण तीच आहे. बहिणीची खालची दाढ किडलेली, ती पाचव्या महिन्यात एका दवाखान्यात गेली तर "आता नको, डिलिव्हरीनंतर या" म्हणून परत पाठवली. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ सालीच स्पष्ट लिहिलंय की गरोदरपणात दातांचे उपचार, बधिर करायचं लिडोकेनचं इंजेक्शन, एप्रन घालून दाताचा एक्स-रे, सगळं चालतं. चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा एवढंच. नंतर पाठीवर सपाट झोपलं की पोटाच्या भाराने मोठी शीर दाबली जाते आणि चक्कर येते, म्हणून उजव्या कुशीखाली उशी देऊन डावीकडे थोडं कलायचं. टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक नको, ते बाळाच्या बनत्या दातातल्या कॅल्शियमला चिकटून बसतं आणि दात पिवळट-करडे निघतात. आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी मनाने घ्यायची नाही. आणि सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या दातासाठी नसतातच, मुख्य हेतू बीपी वाढण्याचा धोका कमी करणं हा आहे. त्या घ्याच, फक्त लोहाच्या गोळीबरोबर नाही.

आणि मिश्री. २००४ साली मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास आला होता, त्यात तोंडात तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, दात घासायची म्हणून ती काही मंजन होत नाही.

बहिणीचं रूट कॅनल शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी केलं, कुशीखाली उशी ठेवून, पाऊण तासात. आत्याला मी सोड्याचं सांगितलं तर तिने विचारलं, पापडखार चालेल का गं, तो पण आंबट मारतो. नाही म्हटलं, खायचा सोडाच, चमचाभर. ती बरं म्हणाली आणि कनवटीचा मिश्रीचा डबा काढायला बाल्कनीत गेली.