फ्लिकरमुक्त प्रकाशयोजना (क्रीडाप्रक्षेपण)

फ्लिकरमुक्त प्रकाशयोजना : मैदानावरील प्रकाशाची तीव्रता वीजपुरवठ्याच्या लयीत कमी-जास्त होऊ नये, निदान कॅमेऱ्याला ती तशी दिसू नये, यासाठी केलेली दिव्यांची, त्यांच्या चालक मंडलांची व जोडणीची व्यवस्था. 50 हर्ट्‌झच्या पुरवठ्यावर चोक लावलेला मेटल हॅलाइड दिवा (वायूतील विद्युत्‌ विसर्जनाने उजळणारा जुन्या पद्धतीचा स्टेडियम-दिवा) सेकंदाला 100 वेळा तेजाळतो व मंदावतो. डोळ्याला ते सहसा जाणवत नाही. कॅमेऱ्याचे शटर 1/100 सेकंद ठेवल्यास प्रत्येक चित्रात एक पूर्ण चढ-उतार सामावतो, त्यामुळे साध्या चित्रणातही अडत नाही. खरी अडचण सुपर स्लो-मोशनची. सेकंदाला 300 चित्रे टिपून ती 50 च्या गतीने दाखवली की तीच लुकलुक सुमारे 17 हर्ट्‌झवर उतरते आणि डोळ्यांना खुपते.

मापन : फ्लिकर गुणांक म्हणजे कमाल व किमान प्रदीपनातील (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशातील) फरक भागिले त्यांची बेरीज, टक्क्यांत. काही प्रकाशतज्ज्ञ त्याऐवजी फ्लिकर निर्देशांक वापरतात. त्यात प्रकाश-वेळ आलेखातील सरासरीच्या वरचे क्षेत्रफळ एकूण क्षेत्रफळाशी ताडले जाते, म्हणजे तरंगाचा आकारही हिशेबात येतो. नव्वद टक्के वेळ चालू व दहा टक्के वेळ पूर्ण बंद असणाऱ्या प्रकाशाचा निर्देशांक अवघा 0.1 येतो, गुणांक मात्र 100 टक्के. छोट्या शटरचा कॅमेरा नेमका त्या बंद क्षणी उघडू शकतो. म्हणून प्रक्षेपणापुरता गुणांकच अधिक विश्वसनीय मानावा लागतो. फीफा व युएफा (युरोपीय फुटबॉल संघटना) यांच्या प्रकाशविषयक मार्गदर्शिकांतही गुणांकच आढळतो. मैदानभरच्या सरासरीत एखादा वाईट कोपरा लपतो, त्यामुळे बिंदुवार आकडे पाहणे बरे. मोजणीसाठी जलद प्रतिसादाचा फोटोडायोड व ऑसिलोस्कोप लागतो. साधा लक्समापक सरासरीच दाखवतो.

फेजवाटणी : मेटल हॅलाइडच्या काळातील मुख्य उपाय हाच. एकाच जागेवर रोखलेले तीन दिवे तीन वेगळ्या फेजवर (वेळेने एकमेकींच्या मागे-पुढे असलेल्या पुरवठ्याच्या तारांवर) घेतले, की त्यांचे चढ-उतार एकमेकांना बहुतांशी खोडतात; उरते ती 300 हर्ट्‌झची क्षीण लहर. तिघांपैकी एक दिवा गेला तर त्या जागेचा गुणांक एकट्या दिव्याच्या साधारण निम्मा होतो. भाराचा समतोल पाहून वायरमनने एकेक अख्खा मनोरा एकेका फेजवर घेतला, तर पुरवठा संतुलित राहतो. मात्र एकाच मनोऱ्याने उजळणारा भाग, उदा. गोलपोस्टसमोरचा, लुकलुकतो. दिवा बदलताना फेजची अदलाबदल होणे हा नेहमीचा दोष; तो मोजणीशिवाय सापडत नाही.

इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट व एलईडी : चौकोनी तरंग देणाऱ्या बॅलास्टमुळे (दिव्याचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या मंडलामुळे) प्रकाश मंदावण्याचे क्षण अगदी अल्प होतात. एलईडीचा मोठ्या स्टेडियममधील प्रसार साधारण 2010 च्या दशकाच्या मध्यापासूनचा. पहिले मैदान कोणते याविषयी दावे अनेक आहेत. 1 फेब्रुवारी 2015 रोजी ग्लेनडेल (ॲरिझोना) येथील सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना) एलईडी प्रकाशात झाला, एवढे निश्चित. एलईडी आपोआप फ्लिकरमुक्त नसते. एकटप्पी ड्रायव्हरच्या (एलईडीला प्रवाह पुरवणाऱ्या चालक मंडलाच्या) निर्गम प्रवाहात 100 हर्ट्‌झची लहर उरते. दोन टप्प्यांच्या ड्रायव्हरमध्ये ती दाबली जाते. ड्रायव्हरमधील लहर दाबणारा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकला की लहर पुन्हा वाढते, म्हणून सुरुवातीची चाचणी कायमची पुरत नाही. दुसरा धोका मंदीकरणाचा : स्पंदरुंदी पद्धतीने (पीडब्ल्यूएम) प्रकाश कमी केल्यास दिवा प्रत्यक्षात चालू-बंद होत असतो. यापेक्षा प्रवाहच कमी करणे श्रेयस्कर, जरी त्याने रंगछटा किंचित सरकते. चाचणी पूर्ण तेजावर आणि प्रक्षेपणात वापरायच्या प्रत्येक मंद पातळीवर घ्यावी. सीमारेषेवरील एलईडी फलक ही वेगळी बाब. त्यांचे पट्टे चित्रात दिसले तरी बोल मनोऱ्यांवरील दिव्यांना लागतो.