गिफ्ट: इंग्रजीतली भेट, जर्मनमधलं विष

जर्मनीत एखाद्या डब्यावर कवटीचं चित्र आणि खाली 'गिफ्ट' असं लिहिलेलं दिसलं, तर हात लावू नका. जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष. स्पेलिंग इंग्रजीसारखंच, फक्त जर्मन नामांच्या रिवाजाप्रमाणे पहिलं अक्षर मोठं.

हा योगायोग नाही. दोन्ही शब्द सख्खी भावंडं आहेत. इंग्रजी 'गिव्ह' आणि जर्मन 'गेबेन' म्हणजे देणे. त्याच मुळातून आलेला गिफ्ट म्हणजे 'दिलेलं'. काय दिलं, यावरून वाटा फुटल्या.

जर्मनमध्ये दिलं गेलं ते औषध. ग्रीक वैद्य औषधाच्या मात्रेला 'दोसिस' म्हणत, म्हणजे 'देणं'. आपल्या तोंडचा 'डोस' तोच, आणि संस्कृत 'दा' धातूही त्याच घराण्यातला. जर्मनांनी दोसिससाठी स्वतःचा गिफ्ट वापरला आणि हळूहळू तो जीवघेण्या मात्रेपुरताच उरला. विषाचं नाव न घेता 'दिलेलं' म्हणायचं. आपल्याकडे खेडोपाडी सापाला 'जनावर' म्हणतात, तसंच. फ्रेंचांनीही हेच केलं: त्यांचा 'प्वाझों' लॅटिन 'पोतिओ'वरून, म्हणजे साधं पेय. इंग्रजीत त्याची दोन रूपं आली, पोशन आणि पॉयझन.

जर्मनमध्ये जुना अर्थ एका जोडशब्दात टिकलाय: 'मिटगिफ्ट', सोबत दिलेलं, म्हणजे हुंडा. (यावर टिप्पणी नको.)

स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये तर कमालच. गिफ्ट म्हणजे विष आणि गिफ्ट म्हणजे विवाहित! यावरचे विनोद तिथे झिजून गुळगुळीत झालेत. पण 'थोरली कुठे दिली?' 'साताऱ्याला दिली' असं म्हणणाऱ्या मराठी माणसाला 'देणं' आणि लग्न यांचं नातं कोणी समजावून सांगायला नको.

गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीतही हा शब्द लग्नाचाच होता. अर्थ वधूमूल्य, आणि उच्चार 'य'कडे झुकणारा. आजची भेटवस्तू आणि तो खणखणीत 'ग' समुद्रमार्गे इंग्लंडवर चालून आलेल्या व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतून आला असं मानतात. म्हणजे वाढदिवसाला आपण एकमेकांना देतो तो शब्द बोटीतून उतरलेला आहे.

डचमध्ये दोन्ही अर्थ नांदतात. 'दे गिफ्ट' म्हणजे देणगी, 'हेट गिफ्ट' म्हणजे विष. फरक केवळ उपपदाचा. अर्थात विषाला रोजच्या बोलण्यात ते शेवटचा 'ट' गाळून 'गिफ' म्हणतात.